सतरा डावे बूट

१

सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना माझे बाबा तळघरातून वर आले, माझ्या खिडकीची पितळी जाळी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, डावे गेले."

"कुठले डावे?"

"सगळे. सतराच्या सतरा. उजवे आहेत जागेवर."

मी या हॉटेलात स्वागतकक्षात बसते. माझी खिडकी म्हणजे पूर्वीची तिकीट खिडकी. ही सगळी इमारत तीन वर्षांपूर्वीपर्यंत संगीताचं सभागृह होती. मग ती विकली गेली, वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षक-कक्षांच्या राहायच्या खोल्या झाल्या, रंगमंचावर भोजनगृह थाटलं, छतावरच्या परीला नवा सोनेरी मुलामा मिळाला आणि एका रात्रीच्या मुक्कामाला लोक इतके पैसे देऊ लागले की आकडा सांगताना मलाच लाज वाटते. बाबा इथे सभागृहाच्या काळापासून आहेत. वादकांचे बूट चकाकवणं हे त्यांचं काम. हॉटेलवाल्यांनी त्यांना जुन्या झुंबरासारखं तसंच ठेवून घेतलं.

आणि आजचा दिवस म्हणजे आमच्यासाठी मोठा दिवस. हॉटेल झाल्यापासून पहिल्यांदाच भोजनगृहातली टेबलं हलवून रंगमंच मोकळा केला होता. दुपारी बाराला तिथे वाद्यवृंद वाजणार होता. अठरा वादक दहा दिवस आमच्याकडेच राहून सराव करत होते. शहरातली बडी मंडळी येणार होती. अठराही जणांनी काळा पोशाख आणि काळे बूट घालायचे, असा त्यांच्या मास्तरांचा दंडक होता.

"नीट बघितलंत का बाबा? कपाटाखाली?"

"बूट म्हणजे काय मांजर आहे का, कपाटाखाली जायला?"

बाबा विनोद करत होते, पण जाळी सोडत नव्हते. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "काय गेलं म्हणालात?"

मॅनेजरसाहेब होते. ते नेहमी नको तेव्हाच मागे उभे असतात.

२

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. आवाज मुळीच चढवला नाही. तो त्यांचा रागाचा प्रकार.

"वादक रंगमंचावर एका पायात बूट घालून बसणार का? दुकानं अकराला उघडतात. सतरा मापांचे बूट तासाभरात कुठून आणू? हे बघा, अकरापर्यंत बूट मिळाले तर ठीक. नाहीतर उद्यापासून तुम्ही यायची तसदी घेऊ नका. ते यंत्र मी उगाच मागवलेलं नाही."

ते यंत्र म्हणजे बूट चकाकवणारं फिरत्या ब्रशांचं धूड. आदल्याच दिवशी आलं होतं आणि खोक्यातून बाहेर काढून लिफ्टशेजारी उभं केलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबांना घालवायला साहेबांना निमित्तच हवं होतं की काय?

मी सरळ दुसऱ्या मजल्यावर पळाले आणि मावशींना गाठलं.

मावशी आमच्याकडच्या सगळ्या खोल्यांच्या प्रमुख. त्या सभागृहाच्या काळातल्या नाहीत, हॉटेलाबरोबर आल्या. त्यांची खरी भाची कोणीच नाही, पण सगळे त्यांना मावशीच म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर घसरलेला चष्मा. सकाळी पलंगावरची चादर बघून त्या पाहुण्याला झोप लागली की नाही, घरी कोणाशी भांडण झालं की नाही, एवढंच काय, तो टॉवेल चोरणार आहे की नाही हेही सांगतात. आजवर एकदाच चुकल्या, आणि तेव्हाही पाहुण्याने टॉवेल पोस्टाने परत पाठवला.

"चल," त्या म्हणाल्या. "आधी तुझ्या बाबांना बसव आणि पाणी दे. मग मला ती खोली दाखव."

पॉलिशच्या खोलीत जमिनीवर सतरा काळे उजवे बूट ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या नाडीला खोलीच्या आकड्याची चिठ्ठी. वरची फळी मोकळी.

"रोज कसं करता, तसं सांगा," मावशी म्हणाल्या.

"सहाच्या आधी सगळे जण बूट दाराबाहेर ठेवतात. मी पावणेसातला गाडीवरून गोळा करून आणतो. उजव्याला चिठ्ठी बांधतो. मग आधी सगळे डावे घेतो. आकार बसावा म्हणून चवड्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबतो, पॉलिश मारतो, वर वाळत ठेवतो. मग उजवे. पावणेआठला डावे झाले. मी चहाला गेलो. दहा मिनिटं, जास्त नाही. आलो तर फळी रिकामी."

"डाव्यांना चिठ्ठी नव्हती?"

"जोडी लावायला एक चिठ्ठी पुरते. मला तर चिठ्ठीशिवायही कळतं."

मावशींनी उजवे बूट बोटाने मोजले. पुन्हा मोजले.

"माणसं अठरा. बूट सतरा. अठरावा जोड कोणाचा राहिला?"

"बासरीवाल्यांच्या दाराबाहेर नव्हता," बाबा म्हणाले. "आज ठेवलाच नसेल."

आम्ही वर आलो, तर बागेकडच्या दारातून बासरीवाले आत येत होते. अख्ख्या वाद्यवृंदात दोन्ही पायांत काळे बूट असलेला तो एकच माणूस होता.

३

बातमी एव्हाना सगळीकडे पसरली होती. वरच्या मजल्यावरून मोज्यांतले वादक जिन्यात जमा झाले. कोणी तळघरातून उचलून आणलेला उजवा बूट हातात धरून, कोणी हॉटेलच्या कापसासारख्या सपातांत. मास्तर कठड्यावरून ओरडले, "हे कोणाचं काम ते मला माहीत आहे!" आणि त्यांनी बासरीवाल्यांकडे बघितलं.

त्यालाही कारण होतं. कार्यक्रमात बासरीचा जो एकट्याचा तुकडा होता, तो मास्तरांनी दोनच दिवसांपूर्वी कापला होता. दोघांचं बोलणं बंद होतं.

"माझं काम?" बासरीवाले म्हणाले. "मी साडेसहापासून बागेत रियाज करतोय. माळ्याला विचारा. त्याने तीनदा मला थांबायला सांगितलं."

माळ्याने मान डोलावली. ते खरं होतं. बासरीवाले तोंड वाकडं करून सोफ्यावर बसले आणि पाय चोळू लागले.

मावशी तिथून सरळ शेफकडे गेल्या, मी मागोमाग. शेफने काल सर्वांसमोर जाहीर केलं होतं की, भोजनगृहातली टेबलं हलवणाऱ्यांचं कधीच भलं होणार नाही आणि हा कार्यक्रम कसा होतो ते मी बघतोच.

"बूट?" शेफ कोपरापर्यंत पिठात होता. "मी बुटांचं काय करू, सूप? सहापासून दीडशे पाव मळतोय. हे हात बघा. या हातांनी पॉलिश केलेला काळा बूट उचलला असता तर फळीपासून दारापर्यंत पांढरे ठसे उमटले असते."

"आणि कार्यक्रम कसा होतो ते बघणार होतात, त्याचं काय?"

शेफ लाजला. "बघणारच आहे. पडद्याआडून. मला बासरी आवडते."

बाहेर आल्यावर मी साहेबांविषयीचा संशय बोलून दाखवला. मावशी हसल्या. "अगं, कार्यक्रम फसला तर सगळ्यात आधी साहेबांची खुर्ची जाईल. एक पगार वाचवायला कोणी स्वतःचं घर पेटवत नाही."

मी खिडकीत परतले तेव्हा पियानोबाई काउंटरपाशी उभ्या होत्या. या आमच्याकडे रोज संध्याकाळी दिवाणखान्यातला पियानो वाजवतात. वय पंचावन्नच्या आसपास, ताठ कणा, बोलणं मोजकं. सभागृहाच्या काळात रंगमंचावर वीस वर्षं वाजवलेल्या. तरी मास्तरांनी त्यांना आजच्या कार्यक्रमात घेतलं नव्हतं, म्हणून काही जण त्यांच्याकडेही बोट दाखवत होते.

"बाबांना साहेब खरंच काढणार?" त्यांनी विचारलं.

"अकरापर्यंत सतरा बूट मिळाले नाहीत तर."

"सतरा?" बाई दचकल्या. "अठरा नाहीत?"

एवढं बोलून त्या वळल्या आणि रंगमंचामागच्या जिन्याकडे जवळजवळ पळतच गेल्या. मी पाहतच राहिले. त्यांना मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं.

घड्याळात सव्वानऊ झाले होते.

४

मी हे मावशींना सांगितलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो. बूट कोणाला नको होते, हा प्रश्नच नाही. मला सांग, कार्यक्रम बंद पाडायचा असता तर तू काय चोरलं असतंस?"

"वाद्यं. नाहीतर मास्तरांची काठी."

"आणि बूटच चोरायचे असते, तर फक्त डावे कशाला?"

मी विचार केला. "दोन्ही उचलायला जड म्हणून?"

"मग सरळ हाताशी असलेले उजवे नेले असते. ते जमिनीवर होते. डावे फळीवर. चोराने हात वर करून डावेच काढले. कारण त्याला बूट नकोच होते. त्याला डाव्या बुटातली एखादी वस्तू हवी होती. कोणत्या बुटात ते कळायला मार्ग नव्हता, डाव्यांना चिठ्ठ्या नव्हत्या आणि प्रत्येकाच्या तोंडात तुझ्या बाबांनी बोळा कोंबलेला. एकेक उपसत बसायला वेळ नव्हता. म्हणून सगळेच उचलले."

"मग वस्तू मिळाल्यावर बूट कुठेतरी टाकून दिले असते ना?"

"असते," मावशी म्हणाल्या. "अजून कुठेच सापडले नाहीत. म्हणजे वस्तू मिळाली नाही. म्हणजे ती त्या सतरांत नव्हतीच."

आम्ही दोघींनी एकाच वेळी सोफ्याकडे पाहिलं.

बासरीवाले अजून पाय चोळत होते. मावशी त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"काय होतंय?"

"बूट चावतोय हो. परवाच घेतला. दुकानदाराने चक्क फसवलं. उजवा अगदी मापाचा आणि डावा एक नंबर लहान!"

"काल चावत होता?"

ते थबकले. "काल... काल नाही बहुतेक."

"रात्रीतून तुमचा एकच पाय वाढला? सकाळी बूट कुठे होते?"

"दाराबाहेर. ठेवले होते पॉलिशला, पण लवकर जाग आली म्हणून तसेच घालून गेलो."

"काढा बघू."

त्यांनी डावा बूट काढला. मावशींनी हात आत घातला, चवड्यापर्यंत नेला आणि चिमटीत धरून एक घट्ट घडी घातलेला कागद बाहेर काढला. तो पायाखाली तुडवला जाऊन पापडासारखा चपटा झाला होता. बासरीवाले मान लांब करून पाहू लागले, तशी मावशींनी पाठ फिरवली. मला मात्र त्यांच्या खांद्यावरून दिसलं.

कागदावर दोनच ओळी होत्या:

"हो. पण भोंगा घरात वाजवायचा नाही, गच्चीवर. आणि पहाटेचा चहा तुम्ही करायचा."

५

"ही चिठ्ठी बासरीवाल्यांना नाही," मी कुजबुजले. भोंगा म्हणजे ते पोटाशी धरून वाजवायचं अवाढव्य पितळी वाद्य. ते वाजवणारे काका वाद्यवृंदात एकच. बायको जाऊन नऊ वर्षं झालेले, गोलमटोल, सगळ्यांशी हसून बोलणारे. आज मात्र ते नाश्त्याला बशीतला पाव न खाता दाराकडे बघत बसले होते.

"भोंगेकाकांची खोली कोणती?" मावशींनी विचारलं.

मी वही न बघताच सांगितलं. "आपल्या वरच्या मजल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. मधोमध जिना, दोन्हीकडे नऊ-नऊ खोल्या. काकांची डाव्या बाजूची तिसरी."

"आणि बासरीवाल्यांची?"

माझं तोंड उघडंच राहिलं. "उजव्या बाजूची तिसरी. बरोब्बर समोरची!"

"आता बघ. वादकांपैकी कोणी असं चुकणार नाही, दहा दिवस ते शेजारी शेजारी राहतायत. काकांनी कोणालातरी सांगितलं असणार, डाव्या बाजूची तिसरी. आपण सगळे प्रेक्षकांच्या बाजूने आत येतो, रंगमंचाकडे तोंड करून. आपल्याला जी बाजू डावी, ती कोणाला उजवी वाटेल?"

"जो रंगमंचावर उभा राहून सभागृहाकडे बघतो त्याला."

"ज्याचं अर्धं आयुष्य तिथून बघण्यात गेलं त्याला. अशी या हॉटेलात दोनच माणसं. एक तुझे बाबा, त्यांची खोली पूर्वी रंगमंचामागेच होती." मावशींनी चष्मा वर ढकलला. "पण तुझे बाबा भोंगेकाकांना असलं काही लिहितील असं मला वाटत नाही."

मला हसू आवरेना. आणि मग पियानोबाईंचा दचकलेला चेहरा आठवला. सतरा? अठरा नाहीत? त्या क्षणी त्यांना कळलं होतं की चिठ्ठी का सापडली नाही.

रंगमंचाखाली सरावाची एक छोटी खोली आहे. आम्ही पायऱ्या उतरलो. मावशींनी दारावर थाप मारायला हात उचलला, तोच दार आतून उघडलं. समोर पियानोबाई. दोन्ही हातांत धुण्याच्या कपड्यांची भली मोठी पिशवी, तिच्यातून काळ्या नाड्या लोंबत होत्या.

"मी साहेबांकडेच निघाले होते," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे त्या माणसाची नोकरी जाऊ देणार नाही मी."

मावशींनी पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला. "आधी बसा. जड आहे."

बाई पियानोच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. काल संध्याकाळी वाजवून झाल्यावर भोंगेकाका पियानोपाशी आले होते. "आम्ही उद्या तीनला गाडीत बसतो," ते म्हणाले होते, "तुम्ही हो म्हणालात तर मी बसणार नाही." बाईंच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. वीस वर्षं त्या हॉलमध्ये हजार माणसांसमोर वाजवलं, पण एका माणसाला हो म्हणताना जीभ टाळ्याला चिकटली. काका बिचारे गडबडून एवढंच बोलले, "उत्तर लिहून दिलंत तरी चालेल. डाव्या बाजूची तिसरी खोली."

"दार वाजवायचा धीर झाला नाही. बाहेर बूट दिसले, त्यात ठेवली चिठ्ठी. सव्वासहाला. मग नाश्त्याला बघते तर हे समोरच्या बाजूने खाली येतायत! मी धावत वर गेले, तर बूट नेलेले. खाली आले तर सगळे डावे फळीवर, सारखेच काळे. जिन्यात पावलं वाजली. मला काही सुचेना. शेजारी धुण्याची पिशवी पडली होती..."

"आणि इथे येऊन सतरा बोळे उपसलेत."

"एकात भविष्याचं पान निघालं," बाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "प्रवासाचा योग, असं लिहिलं होतं."

मावशींनी पदराच्या टोकातून चपटा कागद काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी तो पाहिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कोणी कोणी वाचलं?"

"आम्ही दोघींनी. बासरीवाल्यांनी फक्त तुडवलं."

६

मावशींनी सुचवलं होतं की पिशवी चुकून धुलाईत गेली असं सांगू या. बाई ऐकेनात. त्या पिशवी घेऊन थेट दिवाणखान्यात गेल्या. तिथे साहेब, मास्तर, मोज्यांतले वादक आणि खाली मान घातलेले माझे बाबा, सगळे होते.

"बूट मी नेले होते," बाई म्हणाल्या. "यांचा काही दोष नाही."

साहेबांचा आवाज आणखी खाली गेला. "का?"

"लग्न ठरवत होते."

मग बाई गर्दीतून वाट काढत भोंगेकाकांसमोर गेल्या. काका एका पायात बूट घालून खांबाला टेकून उभे होते. बाईंनी त्यांना चिठ्ठी दिली. काकांनी ती वाचली. खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "गच्चीवर पाऊस आला तर?"

"तर छत्री धरीन," बाई म्हणाल्या.

जिन्यावरून एवढा जल्लोष झाला की वरच्या परीचा मुलामा पडतो की काय असं वाटलं. मास्तरांनी बासरीवाल्यांना मिठी मारली, का ते कोणालाच कळलं नाही, आणि त्यांचा कापलेला तुकडा तिथल्या तिथे परत दिला.

पण घड्याळात दहा वाजून गेले होते आणि सतरा उजवे बूट अजून मळलेलेच होते. साहेबांनी मोठ्या रुबाबात ते यंत्र लावलं. यंत्राने पहिलाच बूट गिळला आणि त्याची नाडी ब्रशात अडकून ते गुरगुरत बंद पडलं. बाबांनी एक ब्रश साहेबांच्या हातात दिला.

मग त्या तळघरात जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. शेफ, मावशी, मी, बासरीवाले आणि बाह्या दुमडलेले मॅनेजरसाहेब, सगळे ओळीने बसून बूट घासतोय आणि बाबा मागून फिरत सांगतायत, "टाचेकडे लक्ष द्या. टाच कोणी बघत नाही असं समजू नका." साहेबांनी तिसरा बूट पूर्ण केला, उजेडात धरला आणि हळूच म्हणाले, "सकाळी मी जरा जास्त बोललो."

"बुटाचं तोंड इकडे करा," बाबा म्हणाले. "डाग राहिलाय."

बाराला दहा कमी असताना अठराच्या अठरा जण चकाकत रंगमंचावर गेले. बाबा सवयीप्रमाणे मागच्या जिन्याकडे वळले, तर साहेबांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, शहरातल्या बड्या मंडळींच्या मधोमध. एकतीस वर्षं या सभागृहात काम करून बाबांनी समोरून एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. पॉलिशने काळी झालेली बोटं लपवावीत म्हणून त्यांनी हात काखेत घातले.

मास्तरांनी काठी उचलली. व्हायोलिनं हलकेच सुरू झाली. अजून बराच वेळ कोणी मोठ्याने वाजवायचं नव्हतं. पण भोंगेकाकांचं लक्ष नोटेशनवर नव्हतंच, ते दारापाशी उभ्या असलेल्या पियानोबाईंकडे बघत होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि भोंग्याने कोणाचीही वाट न बघता अशी आरोळी ठोकली की पहिल्या रांगेतल्या एका बाईंची पर्स खाली पडली.

मास्तरांची काठी हवेतच थांबली.

बाबा काखेतले हात काढून टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, कार्यक्रम संपला आणि फारच छान झाला.